चार हिरवे ठिपके

कंट्रोल म्हणून रक्त द्यायची पाळी त्या गुरुवारी प्रांजलची होती.

मिरजेच्या त्या पॅरामेडिकल कॉलेजात ही रीत फार जुनी. नवं यंत्र शिकवायचं तर आधी निरोगी माणसाचं रक्त लागतं, आणि बाहेरून मागवलेल्या नमुन्यापेक्षा समोर बाकावर बसलेली पोरं ताजी. हजेरीपटाच्या क्रमाने एकेकाने बाही वर करायची, शेजारच्याने सुई टोचायची, टोचणाऱ्याचा हात थरथरला की बाकीच्यांनी हसायचं. पेशीगाळणीसाठी मात्र मुलीच लागत. कोरे मॅडम म्हणायच्या, "जिला मूल झालेलं नाही तिच्या रक्तात पाहुणे कमी असतात. पडदा स्वच्छ दिसतो. शिकायला बरं."

सुई शिफा मुजावरने टोचली. शिफा प्रांजलची रूममेट, आणि हात असा हलका की डास चावला तरी जास्त कळावं. दहा मिलिलिटर रक्त नळीत उतरलं, नळी यंत्रात गेली, आणि आकडे यायला पाऊण तास लागणार म्हणून मॅडमसकट सगळा वर्ग चहाला गेला. प्रांजलला चहाच्या वासाने मळमळत होतं. गेले आठ-दहा दिवस तसंच. तिने ते मेसच्या तेलावर ढकललं होतं. ती थांबली म्हणून शिफाही थांबली.

पेशीगाळणीचं काम समजून घेणं प्रांजलला कधीच जड गेलं नव्हतं. ती तासगावची. तिची आई मालन बेदाण्याच्या शेडमध्ये निवडणीवर मुकादम होती, आणि त्या शेडमध्ये एक यंत्र होतं. पट्ट्यावरून बेदाणे ओळीने धावतात, कॅमेरा प्रत्येक मणी बघतो, आणि काळा नाहीतर डागी दिसला की बाजूची नळी फुस्स करून हवेचा फटका मारते. तेवढा एकच मणी ओळीतून उडतो. पेशीगाळणी वेगळं काही करत नाही. रक्तातल्या पेशी केसाहून बारीक नळीतून एकामागे एक धावतात, प्रत्येकीवर प्रकाश पडतो, लाखांत एखादी वेगळी दिसली की तिला बाजूला काढून तिच्यातला सगळा वंशालेख, म्हणजे डीएनए, वाचला जातो. ती कुणाची, हे मग सांगता येतं.

कारण माणसाच्या अंगात फक्त त्याच्याच पेशी नसतात. बाळ पोटात असताना त्याच्या काही पेशी वार ओलांडून आईच्या रक्तात उतरतात, आणि आईच्या काही बाळात. बाळ जन्मतं, नाळ कापली जाते, तरी त्या पेशी परत जात नाहीत. हाडांच्या मगजात, यकृतात, अगदी काळजाच्या भिंतीतही घर करून राहतात. वीस वर्षं, तीस वर्षं. हे शास्त्रज्ञांना गेल्या शतकापासून ठाऊक होतं. दोन हजार एक्केचाळीस सालात नवं होतं ते एवढंच, की आता त्या एकेक करून सापडत होत्या, आणि तेही तालुक्याच्या दवाखान्यात.

पडद्यावर ठिपके उमटू लागले. स्वतःच्या पेशी निळ्या, आईकडून आलेल्या पिवळ्या, पोटच्या लेकराच्या लाल. यांपैकी कशातच न बसणारं काही आलं तर हिरवं.

निळ्याचा दाट ढग. बाजूला सहा पिवळे.

"बघ, तुझी आई आली," शिफा म्हणाली. "इथंही तुझ्यावर लक्ष ठेवून आहे."

मग अकरा लाल आले.

"अगं, तुला मूल झालं!" शिफा खदखदून हसली. हसता हसता तिने प्रांजलकडे बघितलं आणि तिचं हसू अर्ध्यावरच थांबलं. प्रांजल बोटांवर आठवडे मोजत होती.

त्या दोघींपैकी कुणी काही बोलायच्या आत आणखी चार ठिपके आले. हिरवे.

जिन्यात चपलांचे आवाज झाले तशी शिफाने हात लांब करून पडद्यावरचे सगळे ठिपके पुसले, यंत्रातली नळी काढली आणि बेसिनमध्ये उलटी केली. कोरे मॅडम आत आल्या तेव्हा ती स्वतःच्या दंडाला रबरी पट्टा बांधत होती. "मॅडम, हिची ट्यूब गोठली. मी नीट हलवली नाही. माझं रक्त घ्या."

"दुसऱ्या वर्षाला येऊनही ट्यूब हलवता येत नाही तुला, मुजावर?"

"नाही ना मॅडम," शिफा म्हणाली.

*

संध्याकाळी बाथरूममध्ये पट्टीवर दोन रेघा उमटल्या. त्यात आता नवल राहिलं नव्हतं. नवल हिरव्या ठिपक्यांचं होतं.

शनिवारी प्रयोगशाळा रिकामी असते. शिफाने पुन्हा रक्त काढलं, या वेळी बाहेरची पेशी मिसळू नये म्हणून दोघींनी दोन-दोन हातमोजे घातले. पुन्हा लाल आले, पुन्हा चार हिरवे. प्रांजलने एका हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवून त्याचा लेख उघडला.

पुरुषाची पेशी. फक्त आईकडून लेकरात उतरणारा जो वंशालेखाचा छोटा तुकडा असतो, तो प्रांजलच्या तुकड्याशी हुबेहूब जुळणारा. आणि एकूण साम्य चोवीस पूर्णांक सहा टक्के.

सख्ख्या भावंडांत साम्य निम्मं असतं. पाव असतं ते आई एक पण वडील वेगळे, अशा सावत्र भावंडांत.

"मामाच्या असतील," शिफा घाईने म्हणाली. "आजीच्या पोटातून तुझ्या आईत, आईतून तुझ्यात. पुस्तकात आहे तसं. मामाशीही पावच जुळतं."

"आई सगळ्यांत थोरली आहे, शिफा. मामा तिच्यानंतरचे."

पंखा फिरत होता. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं.

"म्हणजे तुला भाऊ आहे," शिफा म्हणाली.

प्रांजल एकुलती एक. लहानपणी भाऊबीजेला ती चंद्राला ओवाळायची. मालन ताट धरून मागे उभी राहायची, आणि दरवर्षी नेमकं तेव्हा तिला काहीतरी आठवायचं, गॅसवर दूध, नाहीतर दाराची कडी, आणि ती आत निघून जायची. आपण हे कधी लक्षात ठेवलं होतं, ते प्रांजललाही माहीत नव्हतं.

*

नियम साधा होता आणि चांगल्या हेतूने केलेला होता. जुन्या पाहुण्या पेशी कधीकधी नव्या गर्भावर उलटतात. म्हणून मूल ठेवायचं असेल तर बाराव्या आठवड्याच्या आत गर्भनोंद करायची, नोंदीच्या वेळी पेशीगाळणी व्हायची, आणि तिचा अहवाल कुटुंबाच्या आरोग्यपत्रिकेत चढायचा. वंशालेख एकट्याचा नसतो, घरादाराचा असतो, असं त्यामागचं म्हणणं. त्यामुळे अहवाल कुटुंबप्रमुखाच्या फोनवर आपोआप जात असे, कुठले पेशीगट सापडले आणि त्यांचं एकमेकांशी नातं काय, सगळं सोप्या मराठीत. मूल ठेवायचं नसेल तर नोंद नाही, गाळणी नाही. नवव्या आठवड्यापर्यंत गोळ्या मिळत, आणि कुणी काही विचारत नसे.

प्रांजलच्या घरचे कुटुंबप्रमुख म्हणजे अण्णा, तिचे वडील. कोल्ड स्टोरेजचा टेम्पो चालवायचे. जेवताना चष्मा लावून फोनवरचा प्रत्येक सरकारी निरोप मोठ्याने वाचून दाखवायचा त्यांना नाद होता. "'आपल्या कुटुंबातील सदस्य मालन यांची नेत्रतपासणी बाकी आहे.' ऐकलंस का गं, सदस्य मालन?" पत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून आपलं नाव छापलंय, याचा त्यांना साधा, निरुपद्रवी अभिमान होता.

"वेगळी पत्रिका काढ," शिफा म्हणाली.

"पंचवीस पूर्ण झाल्यावर मिळते. मला आत्ता वीस झालीत."

"किंवा?"

"किंवा लग्न झाल्यावर."

*

यशोधन नर्सिंगचा. तिच्यापुढे दोन वर्षं होता, आणि सव्वा महिन्यापूर्वी जर्मनीत लाइपझिगजवळच्या एका वृद्धाश्रमात नोकरीला लागला होता. जायच्या आधीच्या आठवड्यात दोघं फार रडले होते आणि फार जवळ आले होते. विमानतळावर त्याने तीन वर्षांचा हिशेब सांगितला होता. पहिल्या वर्षी भाषा, दुसऱ्या वर्षी पक्की नोकरी, तिसऱ्या वर्षी तू.

बाळाचं तिने त्याला गुरुवारीच कळवलं होतं. त्यावर त्याने आधी 'खरंच?' लिहिलं, मग बराच वेळ काहीच नाही, मग एक लालबुंद हृदय. रविवारी दुपारी तो फोनवर दिसला. मागे खिडकीशी एक म्हातारा चाकाच्या खुर्चीत पेंगत होता.

"आपण लग्न करू," प्रांजल म्हणाली.

"करूच की."

"या आठवड्यात. नोंदणी ऑनलाइन होते. दोन साक्षीदार, वीस मिनिटांचं काम."

तो हसला. ती हसत नाही हे बघून थांबला. "एवढी घाई कशाला? बाळाला अजून सात-आठ महिने आहेत."

"आहेत. पण नोंद लवकर लागते."

"मग नोंद कर ना. नोंदीला लग्न लागत नाही आता."

"मला वेगळी पत्रिका हवी आहे."

"का?"

हे असं सोपं होतं. एक वाक्य सांगितलं असतं तर त्याला कळलं असतं. पण ते वाक्य तिचं नव्हतं. ते दुसऱ्या कुणाचं तरी होतं, आणि त्या बाईने ते इतकी वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं.

"का ते आत्ता नाही सांगता येत," ती म्हणाली.

"बघ, तू काहीतरी लपवतीयेस. इकडं लग्न झाल्याचं कळवलं की व्हिसाचे सगळे कागद पहिल्यापासून. घरी तर मी अजून काहीच बोललेलो नाही. पप्पांना काय सांगू, फोनवर लग्न केलं?" त्याने मागे वळून म्हाताऱ्याच्या गुडघ्यावरची शाल सारखी केली. हात किती मायाळू होता त्याचा. "प्रांजल, तू जे ठरवशील ना, त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे."

"बाहेरून पाठिंबा?"

"म्हणजे?"

"काही नाही. सरकार चालवताना देतात तसा."

तो दुखावला. त्याची सुट्टी संपली होती. फोन बंद झाल्यावर पडद्यात तिला स्वतःचा चेहरा दिसला, आणि मागे शिफाच्या वाळत घातलेल्या ओढण्या. शिफा गावाला गेली होती. त्या रविवारी वसतिगृहाच्या अख्ख्या मजल्यावर प्रांजल एकटी होती. म्हणजे शास्त्राच्या भाषेत एकटी नव्हती. पण पेशी बोलत नाहीत. पाणी देत नाहीत. कपाळाला हात लावून 'बरं वाटतंय का' असं विचारत नाहीत.

तिने पोटावर हात ठेवला. तिथे कळण्यासारखं काही नव्हतं. सातवा आठवडा. एका घेवड्याच्या दाण्याएवढं. तरी तो हात तिथेच राहिला, आणि हळूहळू तिच्या ध्यानात आलं की आपल्याला हे हवं आहे. कुणाला पटवून देता येईल असं कारण तिच्यापाशी नव्हतं. फक्त हवं होतं, आणि ते ठेवलं की आईचं घर मोडणार होतं.

*

गोळ्यांच्या मुदतीला बारा दिवस उरले तेव्हा ती तासगावला गेली. आईला बघायचं, एक रात्र तिच्याजवळ झोपायचं, परत यायचं आणि गोळ्या घ्यायच्या, असं तिने ठरवलं होतं. आईला सांगायचं काहीच नाही.

शेडमध्ये चैत्रातलं ऊन पत्र्यातून गळत होतं. बेदाण्याला गंधकाची धुरी देऊन झाली होती आणि तो वास दारातच तिच्या नाकात शिरला. तिने ओढणी तोंडाशी दाबली.

"आलीयास?" मालनने मान वर केली. समोर बेदाण्यांचा ढीग, आणि बोटं त्यात अशी चालत होती की बघणाऱ्याला दिसू नयेत. एवढं यंत्र आलं तरी शेवटचा हात मालनचाच फिरायचा. यंत्राला काडी कळते, चव कळत नाही, असं ती म्हणायची. तिने मूठभर बेदाणे पुढे केले. "खा. एक नंबरचा माल हाय."

प्रांजलने मान हलवली. या पोरीने आयुष्यात बेदाण्याला नाही म्हटलं नव्हतं. मालनने तिच्याकडे नीट बघितलं. ओढणी, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, पुन्हा ओढणी.

"बायांनो, चहा पिऊन या," ती म्हणाली.

"मालनअक्का, आत्ता तर प्यालो."

"मग पाणी पिऊन या."

बाया गेल्या. यंत्र चालूच होतं. फुस्स. फुस्स.

"किती दिवस झाले?" मालनने विचारलं.

प्रांजलने खोटं बोलायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं ते मात्र, "साडेसात आठवडे."

"त्यो जर्मनीचा?"

"हं."

"येणार हाय?"

"माहीत नाही."

मालनची बोटं थांबली नाहीत. जरा जास्तच वेगाने चालू लागली. "मग उद्या जाऊ. अण्णांच्या कानावर जायच्या आत मोकळी हो. परीक्षा जवळ आलीय. डोळं पूस."

"तेच करणार आहे. त्यासाठीच आलेय."

"मग रडतीयास कशाला?"

"रडत नाही."

"प्रांजू. माझ्याकडं बघ. तुला पायजे का ते?"

प्रांजल यंत्राकडे बघत राहिली. काळे मणी उडत होते. "हो," ती म्हणाली.

"मग अडलंय कुठं? लोकांचं म्हणशील तर लोकं आठ दिवस बोलतील. अण्णा चार महिने बोलायचे न्हाईत, पण नातवंड दिसल्यावर इरघळतील, मला ठावं हाय. मग कुठं अडलं?"

"नोंद करावी लागते, आई."

"कर की."

"त्यात रक्त घेतात. त्या यंत्रासारखंच असतं. एकेक पेशी बघतं. आणि कोणकोण होतं ते सांगतं."

"कुठं होतं?"

"पोटात." प्रांजलने तोंडावरची ओढणी खाली घेतली. "माझ्याच नाही. तुझ्याही. तुझ्यातून माझ्यात आलंय, आई. माझ्याआधीचं."

यंत्र चालू होतं. मालनने हात लांब करून ते बंद केलं. पट्टा थोडा घरंगळून थांबला आणि शेडमध्ये इतकी शांतता झाली की बाहेर नळावर बायांचं हसणं ऐकू आलं.

पट्ट्यावर थांबलेला एक काळा मणी तिने बोटांनी उचलला. मग म्हणाली, "किती हाय?"

"चार. एका नळीत चार."

"चार," मालन म्हणाली. जणू एखाद्या लांबच्या गावाचं नाव.

मग तिने सांगितलं. कुणी विचारलं नसताना, बेदाण्यांकडे बघत. एकोणीस वर्षांची होती. विट्याला मावशीकडे शिवण शिकायला ठेवलं होतं. तो कोण, काय, ते तिने सांगितलं नाही, आणि प्रांजलनेही विचारलं नाही. पोट दिसायला लागल्यावर लांबच्या एका संस्थेत नेऊन ठेवलं. "पाळणाघराला लागून खोली हुती. झालं, आणि त्या बाईनं कापडात गुंडाळून न्हेलं. हातात दिलंच न्हाई. म्हणाली, बघू नकोस, इसरायला सोपं जातं. दोनदा रडलेलं ऐकलं मी. भिंतीपलीकडनं. पोरगा का पोरगी ते बी कुणी सांगितलं न्हाई."

"मुलगा," प्रांजल म्हणाली.

मालनने मान वर केली.

"मुलगा आहे, आई. दिसतं त्यात."

मालन खाली बसली. बसली म्हणजे होती तिथेच, बेदाण्याच्या पोत्यांमधे, भिंतीला पाठ लावून. तिने पदर तोंडावर ओढला नाही, रडलीही नाही. फक्त तिचे ओठ हलत होते, एखादी नवी गोष्ट पाठ करावी तसे. प्रांजल तिच्याजवळ जाऊन बसली. दोघींच्या खांद्यांना खांदे लागले होते, तरी त्या क्षणी आई फार लांब होती, चोवीस वर्षांपलीकडच्या एका भिंतीपाशी, आणि तिथे प्रांजलला जाता येण्यासारखं नव्हतं.

"म्हणून तू मोकळी हुणार हुतीस," मालन शेवटी म्हणाली. "अण्णांच्या फोनवर येऊ नये म्हणून."

"हो."

"गाढव हायस."

"आई..."

"गप. तुला नको असंल तर नको म्हण, मी संगं येते. पण माझ्यासाठी नको. माझ्यासाठी असलं कुणी काय करायचं न्हाई. एकदा सगळ्यांनी मिळून माझ्यासाठीच केलं हुतं." ती उठली, लुगडं झटकलं आणि यंत्राचं बटण दाबलं. "नोंद कर. अण्णांना फोननं सांगायच्या आधी मी सांगीन."

"अण्णा काय करतील?"

"मला काय ठावं? बावीस वर्षं संसार केला म्हंजे माणूस कळतो, असं थोडंच हाय?"

त्या रात्री जेवताना अण्णांनी लेकीला भडंगाची पुडी दिली, फोनवरचा पाणीकपातीचा निरोप वाचला, आणि विचारलं, "कॉलेज काय म्हणतंय?" प्रांजल म्हणाली, "बरं आहे." मालन वाढत होती. तिने अण्णांच्या पानात भाकरी ठेवली आणि नेहमीपेक्षा क्षणभर जास्त तिथेच उभी राहिली.

*

पुढे अठरा दिवस घरून फोन आला नाही.

प्रांजलने केला तर मालनचा बंद लागायचा. अण्णांना करायची तिची छाती होत नव्हती. गोळ्यांची मुदत एका मंगळवारी, प्रात्यक्षिकाच्या तासाला, काही न होता उलटून गेली. यशोधन दर दोन दिवसांनी 'कशी आहेस?' असं विचारायचा. ती 'बरी' असं लिहायची. दोघांनाही त्यात कसला तरी दिलासा वाटायचा आणि तो दर वेळी थोडा कमी होत गेला. शिफा सकाळी तिच्या उशाशी मारी बिस्किटं ठेवून जायची. इतर वेळी प्रांजल धडे पाठ करायची, आणि मधेच कधीतरी थांबून, कुणी बघत नाही असं बघून, पोटाशी हळूच काहीतरी बोलायची. काय बोलावं ते सुचायचं नाही. मग ती त्याला पेशींची नावं सांगायची.

नोंदीच्या सोमवारी ती एकटीच गेली. शिफाची तोंडी परीक्षा होती. दवाखान्याच्या बाहेरच्या बाकांवर जोड्या बसल्या होत्या. नवरे पिशव्या धरून, सासवा डबे उघडून. प्रांजलच्या डाव्या हाताची जागा रिकामी होती आणि येणारा प्रत्येक जण विचारायचा, "इथं कुणी आहे?" ती म्हणायची, "नाही, बसा." कोणी बसायचं, नाव पुकारलं की उठून जायचं.

"इथं कुणी हाय?"

तिने वर बघितलं. मालन होती. अंगावर धुवट लुगडं, हातात कापडी पिशवी, पायाला रस्त्याची धूळ. ती बसली आणि पिशवी पायांमधे ठेवली. पिशवी मोठी होती. एका दिवसाची नव्हती.

"सांगितलंस?"

"परवा. त्याच्या आधी रोज ठरवायची आन् रोज ऱ्हायचं."

"मग?"

मालनने पिशवीचे बंद सारखे केले. "जेवत हुते. घास तसाच ठेवला. मग म्हणाले, नाव काय ठेवलं हुतं?"

प्रांजल तिच्याकडे वळली.

"मी म्हटलं, ठिवूच दिलं न्हाई कुणी. मग उठले, हात धुतले आन् टेम्पो घेऊन जतला बहिणीकडं गेले. म्हणाले, पोरीला एकटीला सोडू नको. आन् मला काय दिवस फोन करू नको."

"परत येतील ना?"

"ठावं न्हाई," मालन म्हणाली. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. तिने लेकीचा हात धरला नाही. आपला हात फक्त तिच्या हाताशेजारी ठेवला. "मी तुझ्या खोलीत मावते का बघू. न्हाईतर शिफाच्या आईकडं. शिफानंच आजचा दिवस आन् हितला पत्ता सांगितला मला."

नाव पुकारलं गेलं. खिडकीत एक तरुण मुलगी बसली होती, तिशीच्या आतली, नखांना हळदीचा रंग. तिने भराभर विचारलं. वय. शिक्षण. आठवडे. पहिलीच खेप? बाळाच्या वडिलांचं नाव?

प्रांजलने क्षणभर विचार केला. "ते रिकामं राहू दे."

"चालतं. नंतर भरता येतं," मुलगी म्हणाली, आणि नजर न उचलता पुढच्या रकान्यावर गेली. "आता आजीची माहिती. मावशी, तुम्हीच का आई? नाव सांगा. वय? तुमची अपत्यं किती?"

"दोन," मालन म्हणाली.

प्रांजलने आईकडे बघितलं. मालन खिडकीच्या गजांकडे बघत होती आणि तिची मान ताठ होती.

"दोघंही हयात?"

आत छपाईयंत्राचा आवाज होत होता. मागे रांगेतल्या कुणीतरी खोकून घाई दाखवली. मालन लेकीकडे वळली आणि तिने हळू आवाजात, एखादी गोष्ट बाजारात माहीतगाराला विचारावी तसं विचारलं, "तुझं मशीन सांगतं का गं ते?"

"नाही, आई," प्रांजल म्हणाली. "पेशी जगतात. माणसाचं कळत नाही."

"बरं," मालन म्हणाली. तिने दोन्ही हात खिडकीच्या फळीवर ठेवले.

"हयात हायत," ती त्या मुलीला म्हणाली. "दोघं बी. लिवा."